सुजाताचं अर्धं जावळ

सुजाता अनाथाश्रमात गेली असती तर सरपंच ग्यानबाला काय मिळालं असतं, ते आधी मांडून घेऊ. म्हणजे शेवटी कोणाचं काय गेलं ते समजायला सोपं जाईल.

ग्यानबाला एक साळा होता, जगदेव. बहात्तरच्या दुष्काळात तो "हवापालट कराले" म्हणून बहिणीकडं मेडशीला आला. दुष्काळ संपला, पाऊस पडला, विहिरी भरल्या, पण जगदेवची हवा काही पालटली नाही. तो सकाळी उशिरा उठे, दुपारी लवकर झोपे, आणि मधल्या वेळात मेव्हण्याच्या कारभारातल्या चुका काढी. ग्यानबानं त्याला एकदा शेतावर पाठवून पाहिलं. त्यानं बैल निंबाच्या सावलीत बांधले आणि स्वतः बैलांच्या सावलीत झोपला. सगळ्यांत वाईट म्हणजे ओसरीवरची ग्यानबाची खाट त्यानं बळकावली होती. सरपंच आपल्याच घरात भुईवर सतरंजी टाकून निजे. लिलाबाईसमोर तिच्या भावाविषयी ब्र काढायची सोय नव्हती.

तेव्हा ग्यानबानं विचार केला, की जगदेवला बसणं तेवढं छान जमतं, तर त्याला बसायचाच धंदा काढून द्यावा. मेडशीत असा धंदा एकच होता: एस.टी. थांब्यावर निंबाखालचं चहा-भज्यांचं हॉटेल. ते मिळालं तर जगदेव तिथं, लिलाबाई खूश, आणि खाट मोकळी. अडचण एवढीच, की ते हॉटेल दोन बायांचं होतं आणि चांगलं चाललं होतं.

त्यातली भागिरथा मेडशीच्याच बौद्धवाड्यातली. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि शब्द जपून वापरणारी. सुंदरबाई मानोऱ्याकडच्या तांड्यावरची बंजारीण. बुटकी, गोल, आणि बोलायला लागली की एस.टी. सुटली तरी खिडकीतल्या माणसाशी वाक्य पुरं करणारी. दोघींची गाठ दुष्काळी कामावर पडली. समोरासमोर बसून खडी फोडता फोडता एकीच्या हाताला फोड आला की दुसरी तिच्या वाटणीची पाटी भरू लागली. काम संपल्यावर बाकीचे लोक आपापल्या गावी गेले. या दोघींनी मेडशीत एक चूल मांडली.

संसार म्हणजे पुरता संसार होता. एक चूल, एक खाट, एक कुलूप, आठवड्यातून एखादा रुसवा, आणि आधी कोणी जेवायचं यावरून रोजचं भांडण. गावानं पहिल्या वर्षी म्हटलं, मैतरणी आहेत. दुसऱ्या वर्षी म्हटलं, अडल्यानडल्या आहेत, राहतात बिचाऱ्या. तिसऱ्या वर्षी गावाकडचे शब्द संपले, तेव्हा गाव नुसतं एकमेकांकडं पाहून खाकरू लागलं. ग्यानबानं एकदा चार लोकांत विचारलं होतं, "काय वं सुंदरबाई, तुमच्या दोघीत नवरा कोन?"

"ज्याले झाडू माराची शरम वाटते तो नवरा असंन," सुंदरबाई म्हणाली, "तर मंग आमच्यात कोनी नाई. तुमाले चहा देऊ का?"

तिच्या हातचा चहा काहींना चालत नसे, काहींना भागिरथाच्या हातचा. पण एस.टी. थोडाच वेळ थांबे, आणि तेवढ्या वेळात धर्म बुडत नाही असा प्रवाशांचा अंदाज होता.

सुजाता या घरात आली ती पारबतामुळं. पारबता खडी फोडण्यातली तिसरी. ती काम संपल्यावर अकोल्याला गेली आणि शेतकी शिकणाऱ्या पोरांच्या खानावळीत पोळ्या लाटू लागली. त्या पोरांत आफ्रिकेतून शिकायला आलेला एकजण होता. तिच्या हातची पोळी त्याला आवडली आणि त्याचं हसणं तिला. परीक्षा झाली, तो आपल्या देशी गेला. पोर होणार हे त्याला ठाऊक होतं की नाही, ते पारबतानं कोणाला सांगितलं नाही. दिवस भरत आले तेव्हा ती निंबाखाली एस.टी.तून उतरली, या दोघींच्या घरी बाळंत झाली, आणि आठवड्याच्या आत तापानं गेली. जाताना म्हणाली, "तुमी दोघी हाय, म्हून पोरगी देऊन राह्यली." पारबताची जात कोणती, हे दोघींनी कधी विचारलं नव्हतं. खडी फोडताना जात विचारायला दम उरत नाही.

पोरगी काळीभोर, तुळतुळीत, आणि डोक्यावर केसांचं असं दाट, कुरळं झुडूप, की त्यात फणी जाई ती दात सोडून बाहेर येई. नाव भागिरथानं ठेवलं, सुजाता. त्या बदल्यात आपल्या बोलीत आई म्हणवून घ्यायचा मान सुंदरबाईनं मागितला. म्हणून सुजाता भागिरथाला माय म्हणे आणि सुंदरबाईला तांड्याच्या बोलीत याडी. दोन्हीचा अर्थ आईच, हे मेडशीत सगळ्यांना ठाऊक होतं. गावच्या बाया आपल्या लेकरांना तिच्याजवळ खेळू देत नसत. लेकरं त्यांच्या नकळत खेळत. प्रवासी मात्र रोज नवे.

"ही पोट्टी कोनाची हो?"

"आमची."

"तसं नाई, म्हंजे खरी कोनाची?"

"चहा खरा आमचा, पोट्टीबी खरी आमची," भागिरथा म्हणे. "साखर जास्त पायजे का?"

शहात्तरच्या उन्हाळ्यात सुजाताला तिसरं वर्ष लागलं, आणि त्या दाट केसांखाली घामानं फोड आले. पोरगी रात्रभर डोकं खाजवी. भागिरथानं तिला कडेवर घेतलं आणि पुंजाजी न्हाव्याकडं नेलं.

पुंजाजीनं केस बाजूला करून पाहिलं. "केस काढल्याबगर हे बरं होत नाई."

"मंग काढ ना भाऊ."

"कसा काढू? जावळ हाय हे. पयले केस मामाच्या मांडीवर निघतात. मामा कोठी हाय?"

"आमी छप्पन सालीच ते सारं सोडलं, पुंजाजीभाऊ."

"तुमी सोडलं असंन, म्या कोठी सोडलं? उद्या पोरीले काई झालं, तं गाव म्हनंन पुंजाजीचा वस्तरा पनवती हाय. मंग मले डोकी कोन देईन?"

त्याच्या मनातलं दुसरं कारण त्यानं सांगितलं नाही. दर आठवड्याला सरपंचाची दाढी त्याच्याच हातची होती, आणि या पोरीच्या डोक्याला लावलेला हात सरपंचाच्या गालाला चालेल का, याचा त्याला भरवसा नव्हता.

भागिरथा घरी आली आणि गप्प बसली. सुंदरबाईला गप्प बसणं माहीत नव्हतं. "केस कापाले न्हावी कायले पायजे?" असं म्हणून तिनं भरतकामाची मोठी कात्री काढली. सुजाताला दोन्ही गुडघ्यांत धरलं, तोंडात गुळाचा खडा दिला, आणि उजव्या कानापासून सुरुवात केली. काम बरं चाललं होतं. उजवी बाजू टाळूपर्यंत उतरली, आणि तेवढ्यात वाशीमची एस.टी. भोंगा वाजवत वळणावर आली.

सुजाताला जगात दोन गोष्टी प्रिय होत्या, गूळ आणि एस.टी. गूळ तोंडात होताच. ती गुडघ्यांतून निसटली आणि थेट थांब्यावर जाऊन उभी राहिली. उजवीकडं कापणी झालेलं वावर, डावीकडं उभं पीक. आधी कंडक्टर हसला, मग ड्रायव्हर हसला, मग अख्खी एस.टी. खिडकीला आली. सुजाताला वाटलं, आज एस.टी.ला आपण फारच आवडलो. तिनं सगळ्यांना हात हलवला.

निंबाखाली ग्यानबा बसला होता. तो हसला नाही. त्यानं त्या अर्ध्या डोक्यात आपली अख्खी खाट पाहिली.

"अर्धं जावळ!" तो उठून उभा राहिला. "गावात अर्ध्या जावळाचं लेकरू फिरून राह्यलं, अन तुमी हासता? हे अपशकुनी हाय. बाजाराच्या दिवशी पंच बसवतो मी. मामा दाखवा, जावळ पुरं करा. मामा असंन तं लेकरू घरचं. मामा नसंन तं बेवारस, अन बेवारस लेकरासाठी अकोल्याले आश्रम हाय. त्यायची जीप त्या दिवशी याच रस्त्यानं जाते. मी निरोप धाडतो."

मेडशीत एक जुनी रीत होती, की जो पंच बसवील त्यानं बसलेल्यांना जेवू घालायचं. ऊठसूट कोणी गावाला वेठीला धरू नये, म्हणून जुन्या लोकांनी घातलेली ती अट. ग्यानबानं तिचाही विचार केला होता. पंच मोजके, पिठलं-भाकर झाली की झालं. आणि पुढचं गणित त्याला तोंडपाठ होतं: पोरगी गेली की दोघी एकमेकींना दोष देतील, दोष दिला की भांडतील, भांडल्या की फुटतील, आणि मग निंबाखाली जगदेव.

मामा मिळणार नाही, याची तर त्याला खात्रीच होती. भागिरथाचा भाऊ जानराव त्याच गावात राहत होता, पण "त्या बंजारनीसंगं राह्यते" म्हणून त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं होतं. सुंदरबाईचा भाऊ लखीराम तर त्याच्याही पुढं गेला होता. माझी बहीण मेली, असं सांगून त्यानं तिच्या नावानं तांड्याला जेवण घातलं होतं. त्या दिवशी सुंदरबाई मेडशीत भजी तळत होती, आणि घाण्याला बसली होती म्हणून तिला जाता आलं नाही, एवढंच.

संध्याकाळी दोघी चुलीपाशी बसल्या. सुजाता सुंदरबाईच्या मांडीवर झोपली होती. भागिरथा तिच्या उरलेल्या केसांत खोबरेल तेल जिरवत होती.

"तो खरंच नेईन का वं तिले?" सुंदरबाईनं विचारलं.

"नेऊन तं पाहू दे," भागिरथा म्हणाली. पण तिचा हात केसांतच थांबला होता, आणि सुंदरबाईनं तो पाहिला.

दुसऱ्या दिवशी सुंदरबाई म्हणाली, "मानोऱ्याले जाऊन येतो. तिखट संपलं." डबा काठोकाठ भरलेला होता. भागिरथानं तो पाहिला आणि म्हणाली, "मीबी दळन घेऊन येतो." दळायला घरात ज्वारी नव्हती.

जानराव अंगणात चपलेचा अंगठा शिवत होता. भागिरथा उभीच राहिली. पोरीच्या डोक्याचं, जीपचं, सगळं तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं.

"मले नाई जमत," जानराव मान वर न करता म्हणाला. "लोक काय म्हनतीन? काळ्या हबशी पोट्टीचा मामा? अन आपल्याइथं जावळ-फिवळ काही नसते."

"नसतेच. बरं झालं म्या इचारलं. मंग लखीरामच बसंन."

"कोन लखीराम?"

"सुंदरचा भाऊ. तांड्याहून गाड्या जुपून येऊन राह्यला. डफडं घेऊन."

जानरावचा टाका चुकला. "मेडशीत? आमच्या डोळ्यासमोर? आपल्या घरच्या लेकराचं डोकं, अन मांडी तांड्याची?"

"आपल्या घरचं कसं? तूच तं म्हनते, आपलं नाई."

"म्या तसं कोठी म्हनलं?" जानराव चप्पल टाकून उठला. "म्या म्हनलं, काळी हाय. काळा तं मीबी हाय!"

तिकडं तांड्यावर निराळाच घोळ झाला. बंजारा बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. सुंदरबाई दिसताच लखीरामची बायको धनीबाई अंगणातून धावत आली, तिच्या गळ्यात पडली आणि सूर लावून रडू लागली.

"अवं, कोनासाठी रडून राह्यली?" लखीराम ओरडला. "ती मेली हाय! आपून जेवन घातलं ना तिचं!"

"तुमच्यासाठी मेली असंन," धनीबाई रडणं मधेच थांबवून म्हणाली. "मले तं पयल्यापेक्षा जाडी दिसून राह्यली." आणि पुन्हा सूर लावला.

रडणं रीतीप्रमाणं पुरं झाल्यावर सुंदरबाईनं काम सांगितलं. लखीरामनं हात झटकले. मेलेल्या बहिणीच्या पोरीला मामा कुठून? सुंदरबाईनं पदर सावरला. "राहू दे भाऊ. जानराव बसते म्हनला. आख्खा बौद्धवाडा येऊन राह्यला त्याच्यासंगं. मी आपली सांगाले आली, का तुमाले दुसऱ्याकडून कळू नोये."

लखीरामनं झटकलेले हात कमरेवर ठेवले. मग म्हणाला, "तांड्याची पोरगी तिकडं हाय, अन तांड्याले बोलावनं नाई? त्यायले काय वाटलं, आमच्यात मांड्या नाईत?"

घरी आल्यावर दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नाही. तिखटाच्या डब्यात आणखी तिखट मावलं नाही, ते सुंदरबाईनं शेजारणीला देऊन टाकलं.

बाजाराच्या दिवशी पंच निंबाखाली बसले. आश्रमाची जीप रस्त्याच्या कडेला थांबली. तिच्यातून शांत चेहऱ्याचे, सुकलेले व्यवस्थापक उतरले. सुजाता लगेच जीपमध्ये चढून भोंगा वाजवू लागली. ग्यानबानं खाकरून पंचांकडं पाहिलं. "पाहा. मामाचा पत्ता नाई. पोरगी आपल्या पायानं जीपमध्ये बसली हाय. आता आपून..."

पुढचं डफड्यात बुडालं. मानोऱ्याच्या रस्त्यानं तांड्याच्या बैलगाड्या आल्या. पुढच्या गाडीत लखीराम, डोक्याला लाल फेटा, हातात पोरीसाठी लाल झगा. आणि त्याच वेळी बौद्धवाड्यातून पांढऱ्याशुभ्र कपड्यांत माणसांची रांग आली. पुढं जानराव, हातात निळा झगा.

निंबाखाली दोघी एकमेकींकडं पाहू लागल्या.

"तूनं बलावलं त्याले?" सुंदरबाई कुजबुजली.

"म्या नुसतं सांगतलं, का तुहा भाऊ येऊन राह्यला."

"अवं बाप्पा! म्याबी तेच सांगतलं."

भागिरथा एरवी हसत नसे. त्या दिवशी तिनं तोंडाला पदर लावला, आणि लोकांना वाटलं ती रडते आहे.

तोवर दोन्ही मामा पंचांसमोर पोचले होते. जानराव बाकड्यावर बसला आणि मांडी थोपटून म्हणाला, "आना पोरगी. अन ऐकून ठेवा, हे जावळ नाई, नुसती कटिंग हाय. पन मांडी माहीच."

"तुही कायची?" लखीराम त्याच्याच शेजारी बसला. "तांड्याच्या रीतीनं जावळ होईन. तू कटिंग तुह्या घरी कर."

ग्यानबा क्षणभर गांगरला, पण तो सरपंच होता. "थांबा! मामा दोन कसे? मामा म्हंजे मायचा भाऊ. माय एक, तं मामाकडचं घर एक. म्हंजे तुमच्यातला एक खोटा हाय. खरी माय कोन, ते पुरावा देऊन सांगा."

इथं ग्यानबाचा हिशेब चुकला. दोघींना कमी लेखणाऱ्या दोघा भावांना त्यानं बहिणींच्या बाजूचे साक्षीदार करून टाकलं.

"माही बहीन माय!" जानराव म्हणाला. "गोवर निघाला होता पोरीले, तवा भागी सात रोज खाली टेकली नाई. पोरीले खांद्यावर घेऊन या निंबाभोवती फिरे."

"तुले कसं मालूम? तू तं तिच्यासंगं बोलत नाई," ग्यानबा म्हणाला.

"बोलत नाई. डोळे थोडेच फोडले? रोज याच रस्त्यानं वावरात जातो मी." जानरावचा आवाज जरा जड झाला. "एक दिवस फिरता फिरता तिले झोप लागली, तं उभ्यानंच लागली. पोरगी नाई सोडली."

लखीराम उसळला. "अन आमच्या सुंदरनं? पाठीले बांधून कपाशी येचली तिनं! पोरगी दूध पीत नवती, तं शेजारच्या बकरीसंगं भांडून दूध आनलं!"

"बकरीसंगं?" एक पंच म्हणाला.

"बकरीवालीसंगं. तेच ते."

"पन तुही बहीन तं मेली होती ना?"

"मेली होती," लखीराम अडखळला. "पन धनीले दर बाजारी भेटे." हे बोलल्यावर त्यानं बायकोकडं पाहिलं, आणि बायकोनं आकाशाकडं.

पंच विचारात पडले. जानराव खोटं बोलत नाही, लखीरामही नाही, मग खोटा मामा कुठला? शेवटी ग्यानबानं सुजातालाच जीपमधून उतरवून आणलं. तिच्या अंगात तोवर दोन्ही झगे घातले गेले होते, निळा आत आणि लाल वर.

"पोरी, तुही माय कोन?"

सुजातानं भागिरथाकडं बोट केलं. जानरावकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ग्यानबानं सुटकेचा श्वास सोडला. "अन ही?"

"याडी," सुजाता म्हणाली, आणि सुंदरबाईच्या पायाला जाऊन चिकटली. डफडं वाजलं.

"दोन माया!" ग्यानबा कपाळाला हात लावून म्हणाला. "अन बाप कोठी हाय मंग?"

तेव्हा गोमतीबाई बोलल्या. त्या गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, निंबाच्या पारावर बसून तंबाखू मळत होत्या. "बाप कायले लागते बाप्पा? माह्या घरी होता. साऱ्या जिंदगीत बिड्या वढल्या अन जावयाच्या चुका काढल्या. हिले दोन माया हायेत, तं काम दुप्पट होते. तुले काय तरास हाय?"

पंचांतले अर्धे हसले. उरलेले अर्धे आपापल्या घरातल्या बापांचा विचार करू लागले.

आश्रमाचे व्यवस्थापक इतका वेळ चहा पीत उभे होते. आता त्यांनी बशी खाली ठेवली आणि ग्यानबाला विचारलं, "सरपंचसाहेब, यातलं अनाथ मूल कोणतं?"

ग्यानबानं सुजाताकडं बोट केलं. व्यवस्थापकांनी दोन आयांकडं पाहिलं, दोन मामांकडं पाहिलं, बैलगाड्या, डफडं आणि पांढऱ्या कपड्यांची रांग पाहिली.

"एवढे नातेवाईक माझ्या स्वतःच्या लग्नात नव्हते," ते म्हणाले. "आमच्याकडं ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी जागा असते. चहा फार छान आहे, बाई." आणि जीप निघून गेली. सुजातानं तिलाही हात हलवला.

राहता राहिला प्रश्न मांडीचा. जानराव उठेना, लखीराम सरकेना. पुंजाजी वस्तरा घेऊन कधी या मांडीकडं पाही, कधी त्या. भागिरथानं इतक्या वेळात पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"अर्धे केस सुंदरनं कापले. अर्धे राह्यले. पाव याच्या मांडीवर, पाव त्याच्या."

पंचांनी हे गणित बोटांवर मोजून पाहिलं, आणि ते बरोबर निघालं. दोघं मामा बाकड्यावर एकमेकांना चिकटून बसले, बौद्धवाडा आणि तांडा, मांडीला मांडी. सुजाता दोघांच्या मध्ये, एक पाय निळ्या मामाकडं, एक लाल मामाकडं. पुंजाजीनं वस्तरा चालवला. जानराव मधून मधून म्हणत राहिला, "कटिंग हाय ही, कटिंग." लखीराम म्हणत राहिला, "जावळ, जावळ." पोरगी हलू लागली तेव्हा दोघांनी एकदमच तिचं डोकं धरलं, हातांवर हात पडले, आणि दोघांपैकी कोणीही हात काढला नाही. सगळं डोकं तुळतुळीत झाल्यावर ते इतकं गोल आणि सुंदर निघालं, की गोमतीबाईंनी पारावरून उठून त्याचा मुका घेतला. मग खेळायला मनाई केलेली लेकरं रांग लावून त्याला हात लावायला आली, आणि त्यांच्या आयांनी त्या दिवशी काही पाहिलं नाही.

"झालं," पुंजाजी वस्तरा पुसत म्हणाला. "आता जेवन कोठी हाय? पंच कोनं बसवले होते?"

सगळ्यांनी ग्यानबाकडं पाहिलं.

"पंचायले जेवू घालीन मी," ग्यानबा घाईनं म्हणाला. "पंचायलेच."

"मामा दाखवा असं कोन म्हनलं होतं?" गोमतीबाईंनी विचारलं. "बोलावल्याबगर आले का हे?"

पिठलं-भाकरीचा बेत तिथंच मोडला. आख्खा बौद्धवाडा आणि आख्खा तांडा ग्यानबाच्या अंगणात बसला. जे लोक एकमेकांच्या हातचं पाणी पीत नसत, ते एका सतरंजीवर बसून वांग्याची भाजी मागू लागले; ती ग्यानबाची रात्रीची सतरंजी होती. लिलाबाईचे हात पुरेनात, तेव्हा तिनं ओसरीवरच्या खाटेवरून जगदेवला हाकलून भजी तळायला बसवलं. आणि सगळ्यांच्या, विशेषतः त्याच्या स्वतःच्या, आश्चर्याची गोष्ट अशी, की भजी उत्तम झाली. सुंदरबाईनं एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, "पोट्टा कामाचा हाय. उद्यापासून ये आमच्याकडं. पयले कपबशा विसळजो, मंग पाहू."

आता शेवटचा हिशेब.

जगदेव निंबाखालच्या हॉटेलात गेला. हे ग्यानबाला हवं होतं तसंच झालं, फक्त मालक म्हणून नाही. शिवाय दिवसभर राबून तो असा दमे, की संध्याकाळी येताच खाटेवर पडे आणि त्याला उठवायची कोणाची छाती होत नसे. लिलाबाई म्हणे, "कमावता भाऊ हाय माहा." खाट कायमची गेली. ग्यानबाचं पोतंभर पीठ गेलं, वांग्यांचा वाफा गेला, आणि सतरंजीला डाग पडले ते निघाले नाहीत.

जानरावचं बोलणं टाकणं गेलं. तो वावरातून येताना चहा प्यायला थांबू लागला, आणि कपात साखर कमी आहे म्हणून बहिणीशी भांडू लागला. लखीरामला बहीण जिवंत झाल्याबद्दल तांड्याला पुन्हा जेवण घालावं लागलं. गाव आपलं खाकरणं मात्र सोडायला तयार नव्हतं. त्यातल्या काहींनी ते मरेपर्यंत चालवलं, पण चहा पिऊन झाल्यावर.

त्या दोघींचं काही गेलं नाही. त्या रात्री भागिरथानं डोळे पुसत सुंदरबाईला विचारलं, "तूनं मले काहून नाई सांगतलं, तांड्यावर जातो म्हून?" आणि सुंदरबाई म्हणाली, "तू दळनाची ज्वारी दाव, मंग सांगतो." दुसऱ्या दिवशी आधी कोणी जेवायचं यावरून भांडण झालं नाही; दोघी एकाच ताटात जेवल्या.

खरं देणं फक्त सुजातानं दिलं. डोक्यावरचे सगळे केस. तेही दिवाळीपर्यंत परत आले, पहिल्यापेक्षा दाट, आणि त्या घरातली आणखी एक फणी मोडली.